झेड-टेबल वापरायचं कसं: शेंगा चटणीच्या पाकिटावरून नॉर्मल वितरण

बी.कॉम. किंवा बी.एस्सी.ला स्टॅटिस्टिक्स घेतलेल्या मुलांच्या वह्या तपासल्या की एक गंमत हमखास दिसते. झेडची (एखादा आकडा सरासरीपासून किती दूर आहे ते सांगणाऱ्या मापाची) किंमत बरोबर असते, टेबलातला आकडाही नीट उतरवलेला असतो, आणि उत्तर मात्र साफ चुकलेलं असतं. कारण गणितात नसतंच. टेबल वक्राखालचं नेमकं कोणतं क्षेत्रफळ, म्हणजे एकूणातला कोणता हिस्सा, देतंय हे न बघताच ते उघडलेलं असतं.

मी सोलापुरात खाद्यपदार्थांच्या पॅकिंगमध्ये वजन तपासणीचं काम बघतो आणि संध्याकाळी नात्यातल्या, ओळखीतल्या मुलांना हा धडा शिकवतो. त्यामुळे उदाहरण आपल्याच गावचं घेतो: शेंगा चटणीचं २०० ग्रॅमचं पाकीट. समजा, भरणीचं मशीन सरासरी २०४ ग्रॅम चटणी भरतं आणि प्रमाण विचलन, म्हणजे आपण ज्याला एसडी म्हणतो ते (वजनं सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप), ३.२ ग्रॅम आहे. हे आकडे शिकवण्यासाठी घेतलेत, कुठल्या कारखान्याचे नाहीत. लेखभर हेच मशीन चालवू.

लागणारं सामान

- नॉर्मल वितरणाचं टेबल. क्रमिक पुस्तकाच्या शेवटी असतं तेच. परीक्षेत जे टेबल छापून मिळणार आहे त्यावरच सराव करा, इंटरनेटवरचं दुसरं घेऊ नका. का ते चौथ्या पायरीत कळेल.
- सरासरी आणि एसडी, दोन्ही एकाच एककात. एक ग्रॅममध्ये आणि दुसरं किलोत असेल तर आधी सारखं करून घ्या.
- साधा कॅल्क्युलेटर.
- पेन्सिल आणि कोरा कागद. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं हेच कुणी घेऊन बसत नाही.

१. इथं नॉर्मल चालतं का, ते आधी बघा

गणितात "वजन नॉर्मल वितरणात आहे असं माना" असं लिहिलेलं असेल तर प्रश्नच मिटला. पण प्रोजेक्टसाठी स्वतः आकडे गोळा केले असतील तर थांबा. ढोबळमानाने बोलायचं तर, एखाद्या मोजमापावर अनेक छोट्या-छोट्या गोष्टी स्वतंत्रपणे परिणाम करतात आणि त्यातली एकही बाकीच्यांवर कुरघोडी करत नाही, तिथे नॉर्मल वक्र (मध्ये उंच आणि दोन्ही बाजूंना सारखा उतरणारा, घंटेच्या आकाराचा) चांगला बसतो. भरणीचं वजन असंच असतं: चटणीचा ओलसरपणा, दाण्याच्या कुटाची जाडी, मशीनचा हेलकावा, सगळं थोडं थोडं.

आता सोलापूर-पुणे एसटीचा प्रवास घ्या. अडीचशे किलोमीटरच्या रस्त्यावर गाडी फार तर थोडी लवकर पोचेल, पण उशीर व्हायला मर्यादा नाही. आषाढीच्या आठवड्यात तर विचारूच नका. हा वक्र उजवीकडे लांबत जातो, तिथे झेड-टेबल फसवं उत्तर देतं. दिवसाच्या पावसाचंही तसंच: आपल्याकडे वर्षातल्या बहुतेक दिवशी तो शून्य असतो.

एक झटपट चाचणी सांगतो. सरासरीतून एसडीची दुप्पट वजा करा. जी गोष्ट ऋण असूच शकत नाही (वेळ, पाऊस, उत्पन्न) तिचं उत्तर शून्याखाली गेलं, तर नॉर्मल गृहीत धरू नका.

आणखी एक सापळा कारखान्यातला. दोन मशीनची पाकिटं एकाच ढिगात मिसळून वजन केलं, आणि एक मशीन २०२ वर आणि दुसरं २०८ वर लावलेलं असलं, तर येणारी सरासरी आणि एसडी कुठल्याच मशीनची नसते. मशीनवार, पाळीवार आकडे वेगळे ठेवा.

२. झेड काढा

झेड = (किंमत − सरासरी) ÷ एसडी.

२०० ग्रॅमसाठी: (२०० − २०४) ÷ ३.२ = −१.२५. म्हणजे २०० ग्रॅम हे वजन सरासरीपासून सव्वा एसडी खाली आहे. झेडला एकक नसतं. ग्रॅम वर आणि ग्रॅम खाली, दोन्ही कटतात. म्हणूनच चटणी, टॉवेल, मार्क, उंची या सगळ्यांना एकच टेबल पुरतं.

या टेबलाची गरज का पडली तेही सांगून टाकतो. या वक्राचं समीकरण द मॉयव्हर यांनी १७३३ मध्ये मांडलं आणि गाऊस यांनी १८०९ मध्ये ते निरीक्षणांतल्या चुकांशी जोडलं, पण वक्राखालचं क्षेत्रफळ नेहमीच्या फलनांच्या सूत्रात बसवताच येत नाही. ते आकडेमोड करूनच काढावं लागतं. क्रांप यांनी १७९९ मध्येच तशी टेबलं छापली होती, तीही ताऱ्यांच्या प्रकाशाच्या वक्रीभवनासाठी.

झेडचा दुसरा उपयोग तुलनेचा. अकाउंटन्सीत ६२ मार्क (वर्गाची सरासरी ५४, एसडी ८) आणि स्टॅटिस्टिक्समध्ये ५८ (सरासरी ४६, एसडी १०): पहिल्याचा झेड १, दुसऱ्याचा १.२. वर्गाच्या मानाने पोरगं स्टॅटिस्टिक्समध्ये जास्त चमकलंय, घरचे मात्र ६२ बघूनच खूष होतात.

सापळा: प्रश्नपत्रिकेत कधी "एन (२०४, १०.२४)" असं थोडक्यात दिलेलं असतं. यातला दुसरा आकडा बहुतेक पुस्तकांत एसडी नसून तिचा वर्ग, म्हणजे व्हेरियन्स असतो. वर्गमूळ घ्या, ३.२ येतं. १०.२४ नेच भागलं तर पुढचं सगळं गणित पाण्यात.

३. चित्र काढा आणि पट्टा रंगवा

टेबल अजून मिटलेलंच ठेवा. कागदावर वक्र काढा, मध्ये २०४ लिहा, त्याखाली झेड म्हणून ० लिहा. डावीकडे २०० वर रेघ मारा, खाली −१.२५ लिहा. प्रश्न "२०० पेक्षा कमी वजनाची पाकिटं किती?" असा असेल तर रेघेच्या डावीकडचा भाग पेन्सिलीने रंगवा.

आता नुसत्या डोळ्यांनी अंदाज करा: रंगवलेला भाग निम्म्यापेक्षा कमी की जास्त? इथे बराच कमी आहे. तेव्हा उत्तर ०.८ वगैरे आलं तर काहीतरी बिघडलंय हे तुम्हाला जागेवरच कळेल. अंदाजासाठी एवढं पाठ असू द्या: सरासरीच्या दोन्ही बाजूंना एक एसडीच्या आत सुमारे ६८ टक्के, दोनच्या आत ९५ टक्के, तीनच्या आत ९९.७ टक्के.

४. तुमचं टेबल कोणत्या जातीचं, ते ओळखा

सगळा घोळ इथेच होतो. बाजारात तीन जातींची टेबलं आहेत आणि तिन्हींच्या डोक्यावर बहुधा "नॉर्मल टेबल" एवढंच ठळक लिहिलेलं असतं.

पहिली जात डावीकडून मोजणारी: अगदी डाव्या टोकापासून झेडपर्यंतचं सगळं क्षेत्रफळ देते.

दुसरी मधून मोजणारी: ० पासून झेडपर्यंतचाच पट्टा देते. आपल्याकडच्या बऱ्याच कॉमर्सच्या पुस्तकांत ही असते.

तिसरी उजव्या टोकाची: झेडच्या पलीकडे उजवीकडे काय उरलं ते देते.

ओळखायची सोपी खूण म्हणजे झेड = १.०० समोरचा आकडा. ०.८४१३ असेल तर पहिली जात, ०.३४१३ असेल तर दुसरी, ०.१५८७ असेल तर तिसरी. कुठलंही नवीन टेबल हातात पडलं की सगळ्यात आधी हा एक आकडा बघायचा आणि टेबलाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने "डावं", "मधलं" किंवा "उजवं" असं लिहून टाकायचं. परीक्षेत छापील टेबलावर लिहायला मनाई असेल तर उत्तरपत्रिकेच्या कच्च्या कामाच्या पानावर लिहा.

हे तीन आकडे एकमेकांत कसे बसतात ते बघा: ०.३४१३ मध्ये डावा अर्धा भाग, म्हणजे ०.५, मिळवला की ०.८४१३. एकातून ०.८४१३ वजा केले की ०.१५८७. एवढं कळलं की कुठलंही टेबल चालतं, पाठांतराची गरज उरत नाही. म्हणून क्लासमध्ये "झेड ऋण असेल तर ०.५ मधून वजा करा" असले तयार नियम मिळतात ना, ते मला पटत नाहीत. तो नियम मधल्या टेबलाचा, आणि तोही डावीकडचं टोक विचारलं असेल तरच खरा. त्याच मुलाला डावं टेबल दिलं की तो ०.५ मधून ०.८९४४ (डाव्या टेबलातला १.२५ समोरचा आकडा) वजा करतो आणि ऋण प्रोबॅबिलिटी, म्हणजे ऋण शक्यता, लिहून मोकळा होतो.

प्रोबॅबिलिटी ० ते १ च्या मध्येच असते, हे सांगायला नको. पण सांगावं लागतं.

५. ओळ आणि रकाना

झेड आधी दोन दशांशांपर्यंत आणा. १.२५ म्हणजे १.२ ची ओळ आणि ०.०५ चा रकाना. जिथे भेटतात तिथे डाव्या टेबलात ०.८९४४, मधल्यात ०.३९४४, उजव्यात ०.१०५६.

झेड ०.३ असेल तर ०.३ ची ओळ आणि ०.०० चा रकाना. घाईत मुलं ०.० च्या ओळीत ०.०३ खाली बघतात. डाव्या टेबलात पहिल्याचं उत्तर ०.६१७९, दुसऱ्याचं ०.५१२०. फरक लहान नाही.

१.८७५ सारखी मधलीच किंमत आली तर १.८८ धरा. १.८७ ला ०.९६९३ आणि १.८८ ला ०.९६९९ आहे, म्हणजे हजार पाकिटांत एकाचाही फरक पडत नाही. यावर जीव आटवू नका.

६. उत्तर जुळवा

बऱ्याच टेबलांत ऋण झेड नसतातच. वक्र दोन्ही बाजूंना सारखा असल्यामुळे −१.२५ च्या डावीकडचं क्षेत्रफळ आणि +१.२५ च्या उजवीकडचं क्षेत्रफळ एकच. चित्र आरशात बघितल्यासारखं उलटवा.

२०० पेक्षा कमी: १ − ०.८९४४ = ०.१०५६. हजारात सुमारे १०६ पाकिटं छापील वजनाच्या खाली. मधल्या टेबलाने ०.५ − ०.३९४४, तेच.

२१० पेक्षा जास्त: झेड १.८८, उत्तर १ − ०.९६९९ = ०.०३०१.

२०० ते २०८ च्या दरम्यान: झेड −१.२५ ते +१.२५. मधल्या टेबलाने ०.३९४४ + ०.३९४४ = ०.७८८८. डाव्याने ०.८९४४ − ०.१०५६, तेच.

२०८ ते २१० च्या दरम्यान: इथे पाय घसरतो. दोन्ही रेघा सरासरीच्या एकाच बाजूला आहेत, म्हणून मधल्या टेबलाचे आकडे वजा करायचे: ०.४६९९ − ०.३९४४ = ०.०७५५. आधीच्या गणिताच्या सवयीने बेरीज केली तर ०.८६४३ येतं. दोन ग्रॅमच्या बारक्या पट्टीत ८६ टक्के पाकिटं? चित्र समोर असेल तर हे लिहायला हातच धजावत नाही.

१९१ पेक्षा कमी: हा आकडा उगाच घेतलेला नाही. पॅकबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे २०० ग्रॅमच्या एखाद्या पाकिटात जास्तीत जास्त ९ ग्रॅमची तूट चालते. (मुद्दाम कमी भरायची मुभा म्हणून हे वाचू नका; नमुन्याची सरासरीही छापील वजनापेक्षा कमी भरता कामा नये.) झेड −१३ ÷ ३.२ = −४.०६. टेबल बहुतेक ३.४९ च्या आसपास संपतं. तेव्हा उत्तर "शून्य" असं लिहू नका, "०.०००३ पेक्षा कमी" लिहा. खरं उत्तर लाखात दोन-तीन एवढं आहे.

"पेक्षा कमी" आणि "पेक्षा कमी किंवा तेवढंच" यात इथे फरक नाही. रेघेला रुंदी नसते, त्यामुळे तिच्याखाली क्षेत्रफळही नसतं. नेमकं २०४.०००… ग्रॅम भरण्याची प्रोबॅबिलिटी शून्य. काट्यावर "२०४" दिसतं तेव्हा खरं वजन २०३.५ ते २०४.५ मध्ये कुठेतरी असतं, आणि त्या पट्ट्याचं उत्तर झेड ±०.१६ वरून ०.१२७२ येतं.

७. उलटा प्रवास: प्रोबॅबिलिटीवरून किंमत

प्रत्यक्ष कामात मालक विचारतो तो प्रश्न असाच उलटा असतो: "२०० च्या खाली शंभरात एकच पाकीट जावं. मशीन कितीवर लावू?"

आता टेबलाच्या कडा बघायच्या नाहीत, पोटात शोधायचं. डाव्या टोकाला ०.०१ हवंय, म्हणजे डाव्या टेबलात ०.९९०० च्या सगळ्यात जवळचा आकडा शोधा. २.३२ ला ०.९८९८ आणि २.३३ ला ०.९९०१ मिळतो. दुसरा जवळचा, म्हणून २.३३. मधल्या टेबलात हेच ०.४९०० म्हणून शोधायचं. पण आपली रेघ सरासरीच्या डावीकडे आहे, म्हणून झेड −२.३३. टेबल हे वजा चिन्ह तुम्हाला देणार नाही, ते चित्रावरून घ्यायचं.

२०० = सरासरी − २.३३ × ३.२, म्हणून सरासरी = २०७.४६ ग्रॅम.

म्हणजे २०४ ऐवजी जवळपास साडेतीन ग्रॅम जास्त, हजार पाकिटांमागे साडेतीन किलो चटणी फुकट. दुसरा रस्ता: मशीन २०४ वरच ठेवा आणि एसडी कमी करा. ४ ÷ २.३३ = १.७२ ग्रॅम. एसडी जवळपास निम्मी व्हायला हवी. मशीनच्या दुरुस्तीला किती पैसे घालायचे हा हिशेब इथून सुरू होतो, आणि मला विचाराल तर झेड-टेबलाचा खरा मोबदला या एका पायरीत आहे. कॉलेजात मात्र ती शेवटच्या तासाला उरकतात.

८. एक पाकीट, की पंचवीस पाकिटांची सरासरी?

प्रश्नात "सरासरी" शब्द दुसऱ्यांदा आला की सावध व्हा. एक पाकीट २०३ च्या खाली असण्याची प्रोबॅबिलिटी: झेड −१ ÷ ३.२ = −०.३१, उत्तर ०.३७८३. पंचवीस पाकिटांची सरासरी २०३ च्या खाली जाण्याची मात्र वेगळी. सरासरी एकेका पाकिटाइतकी हेलकावत नाही. तिची एसडी ३.२ ÷ √२५ = ०.६४. झेड −१.५६, उत्तर ०.०५९४.

भागायचं ते संख्येच्या वर्गमुळाने, संख्येने नाही. आणि एसडी तुम्हाला आधीपासून माहीत नसून थोड्याच, म्हणजे साधारण तिसापेक्षा कमी पाकिटांवरून काढलेली असेल तर झेड सोडून टी-टेबल घ्यायचं. तो वेगळा धडा.

९. मोजायच्या वस्तू असतील तर अर्ध्याची दुरुस्ती

अभ्यासिकेतल्या मुलांच्या आवडीचा प्रश्न: शंभर प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, सगळे डोळे मिटून गोल केले, तर ३५ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता किती? सरासरी १०० × ०.२५ = २५, एसडी √(१०० × ०.२५ × ०.७५) = ४.३३. बरोबर उत्तरं पूर्ण आकड्यातच येतात, साडेचौतीस येत नाहीत. म्हणून ३५ चा खांब ३४.५ पासून सुरू होतो असं धरायचं. झेड = ९.५ ÷ ४.३३ = २.१९, उत्तर ०.०१४३. दुरुस्ती न करता ०.०१०४ येतं, जे बरंच कमी आहे. "३५ पेक्षा जास्त" असं विचारलं तर ३५.५ घ्या. वजन, उंची, वेळ अशा मोजमापांना ही दुरुस्ती लावू नका.

१०. कॅल्क्युलेटर आणि एक्सेल

कॅसिओच्या एमएस मालिकेत एसडी मोडमध्ये पी, क्यू, आर अशी तीन फंक्शन्स आहेत. पी म्हणजे डावं, क्यू म्हणजे मधलं, आर म्हणजे उजवं. चौथ्या पायरीतल्या तिन्ही जाती एका यंत्रात. एक्सेलमध्ये नॉर्म-डिस्ट फंक्शनला किंमत, सरासरी, एसडी आणि शेवटी "ट्रू" द्यायचं. शेवटी "फॉल्स" दिलं तर क्षेत्रफळाऐवजी वक्राची उंची मिळते, आणि तीही दिसायला प्रोबॅबिलिटीसारखीच दिसते. सातव्या पायरीतल्या उलट्या प्रवासाला नॉर्म-इन्व्ह. एक्सेल झेड गोल करत नाही, म्हणून चौथ्या दशांशात तुमच्याशी फरक पडला तर घाबरू नका.

सरावाला एक गणित

टेरी टॉवेलचं वजन: सरासरी ४५० ग्रॅम, एसडी १२ ग्रॅम, वितरण नॉर्मल.

(अ) ४६८ ग्रॅमपेक्षा जड टॉवेलांचं प्रमाण किती?
(ब) ४३८ ते ४६८ ग्रॅमच्या मधले किती?
(क) सगळ्यात हलके ५ टक्के टॉवेल किती ग्रॅमच्या खाली असतील?

उत्तरं: (अ) ०.०६६८, (ब) ०.७७४५, (क) सुमारे ४३०.३ ग्रॅम. (क) मध्ये झेड १.६४ आणि १.६५ च्या बरोबर मधोमध पडतो, म्हणून १.६४५ घ्यायची रीत आहे.

तुमचं उत्तर वेगळं आलं असेल तर कुठे घसरलात ते उत्तरावरूनच कळतं. (अ) ०.९३३२ किंवा ०.४३३२ आलं असेल तर टेबलातला आकडा तसाच उचललाय, चौथी पायरी पुन्हा वाचा. (ब) ०.०९१९ आलं असेल तर बेरजेऐवजी वजाबाकी केलीत, कारण रेघा सरासरीच्या दोन बाजूंना आहेत हे चित्रात उतरलं नाही. (क) ४६९.७ आलं असेल तर वजा चिन्ह राहिलं.